डॉसमधली जुनी पुस्तकसूची विंडोज ११ वर कशी चालवू?

निळी शाई (धागाकर्ती)

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते, म्हणजे "आधी हे करून पाहिलंस का" असं होणार नाही.

आप्पांकडे (माझे वडील) पाचेक हजार पुस्तकं आहेत. त्यांची सूची ते १९९४ पासून डॉसच्या (विंडोजच्या आधीची प्रणाली) एका प्रोग्रॅममध्ये ठेवतात. त्यांच्या मित्राने खास त्यांच्यासाठी लिहून दिलेला. निळा पडदा, पिवळी अक्षरं, एफ२ दाबलं की नवी नोंद, एफ५ दाबलं की 'कुणाला दिलं' हा रकाना. आप्पांची बोटं झोपेतही ही बटणं दाबतील. ते मित्र आता नाहीत आणि मूळ कोड कुणाकडेच नाही.

विंडोज ७ च्या लॅपटॉपवर हे सगळं सुखाने चाललं होतं. मागच्या महिन्यात लॅपटॉपने मान टाकली. डिस्क शाबूत होती, म्हणून अख्खा फोल्डर उचलून विंडोज ११ च्या नव्या यंत्रावर आणला. डबल क्लिक केलं तर निरोप येतो की हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, योग्य आवृत्तीसाठी प्रकाशकाकडे चौकशी करा. प्रकाशक कुठून आणू?

फोल्डरमध्ये एक डॉट ईएक्सई, तीन डॉट डीबीएफ आणि पाच डॉट एनटीएक्स फाइली आहेत. भाचा म्हणतो, "एक्सेलमध्ये टाक आणि मोकळी हो." आप्पा म्हणतात, "एक्सेलमध्ये एफ५ दाबलं की काय होतं?" मी दाबून पाहिलं. 'गो टू'ची खिडकी उघडते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

उंटावरचा शहाणा

जुना लॅपटॉप दुरुस्त करा. हाय काय अन् नाय काय.

निळी शाई

@उंटावरचा शहाणा, मदरबोर्ड गेलाय. आणि दुरुस्त केला तरी पुन्हा कधीतरी हाच धागा काढावा लागेलच की.

चिवट मुंगी

ताई, ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये कितीही टिचक्या मारल्या तरी इथे उपयोग नाही. ते का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचा वेळ वाचेल.

तो टॅब थापा मारतो. जुना प्रोग्रॅम विचारतो, "बाबा, तू विंडोजची कुठली आवृत्ती?" आणि टॅबमध्ये निवड केलेली असेल तर विंडोज त्याला सांगते, "मी एक्सपी" किंवा "मी ९५". अशा शेकडो छोट्या थापा विंडोजमध्ये भरलेल्या आहेत, त्यांना शिम म्हणतात. सिमसिटी या खेळाची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. डॉस आणि जुन्या विंडोजमध्ये ते खपून गेलं, पण विंडोज ९५ वर तो कोसळायला लागला. तेव्हा विंडोज ९५ मध्ये खास सोय घातली गेली: सिमसिटी चालू असेल तर परत केलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही.

पण थाप मारायला आधी प्रोग्रॅम सुरू तरी व्हायला हवा. तुमचा १६ बिटचा आहे, म्हणजे प्रोसेसर एका वेळी १६ बिटचेच आकडे हाताळायचे त्या काळच्या घडणीचा. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, आणि तो प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' या अवस्थेवर उभा होता. ही अवस्था १९८५ मध्ये ८०३८६ या चिपसोबत आली. ६४ बिटची विंडोज प्रोसेसरला ज्या लाँग मोडमध्ये चालवते, त्यात ही अवस्थाच नाही. म्हणून ६४ बिटच्या कुठल्याच विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. तुमचं विंडोज ७ नक्की ३२ बिटचं असणार. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती काढलेलीच नाही.

सांगकाम्या

मग ३२ बिटची विंडोज १० टाकता येईल ना? त्यात एनटीव्हीडीएम ऐच्छिक म्हणून मिळतं.

चिवट मुंगी

मिळतं, चालेलही. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या आतलीच मेमरी वापरता येते. एका पुस्तकसूचीसाठी अख्खं यंत्र मागे ओढायचं? नको.

अर्धविराम

भाच्याच्या बाजूने बोलतो. प्रोग्रॅम हे भांडं आहे, आत आहे ती माहिती. भांड्याला किती दिवस कल्हई लावणार? डीबीएफ हा जगातल्या सगळ्यात सोप्या फाइल प्रकारांपैकी एक. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतो. उघडा, सीएसव्हीत (साध्या मजकुरातला तक्ता) साठवा, कुठल्याही चालू सूचीप्रणालीत घाला. दोन तासांचं काम. मग आप्पांना नवीन बटणं शिकवा.

खडूस म्हातारा

अर्धविराम, "आप्पांना नवीन बटणं शिकवा" हे दोन तासांत धरलंय का? माझं वय अडुसष्ट आहे म्हणून विचारतो.

धागाकर्ती, तुमच्या प्रोग्रॅमची कुंडली फाइलींच्या नावांतच आहे. डीबीएफ म्हणजे डीबेस या जुन्या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅमचा तक्ता. पण डीबेस-३ ची अनुक्रमणिका एनडीएक्स असते, फॉक्सप्रोची आयडीएक्स किंवा सीडीएक्स. एनटीएक्स म्हणजे क्लिपर, डीबेसच्या तक्त्यांवर चालणारे प्रोग्रॅम लिहायची भाषा. तुमच्या आप्पांच्या मित्राने क्लिपरमध्ये लिहून एकच ईएक्सई बनवली, म्हणून सोबत दुसरं काही लागत नाही. ही मोठी सोय आहे. इन्स्टॉल करायची भानगड नाही, रजिस्ट्री नाही, डीएलएल नाही. फोल्डर उचलला की बिऱ्हाड हललं.

आता करायचं ते असं.

सगळ्यात आधी फोल्डरची प्रत काढा. दोन काढा. एकीला हात लावायचा नाही. हे वाक्य लोक वाचतात आणि पुढे जातात. जाऊ नका.

मग डॉसबॉक्स. २००२ पासूनचा, मोफत. तो प्रोसेसरसकट सगळ्या जुन्या यंत्राचं सोंग सॉफ्टवेअरमध्येच आणतो, त्यामुळे खालचा प्रोसेसर १६ बिटला ओळखतो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी आहे, त्याचे कर्तेच तसं सांगतात, आणि त्यात छपाई नाही. तुम्हाला याद्या छापायच्या असतील तर डॉसबॉक्स-एक्स घ्या, त्यात प्रिंटरची सोय आहे. व्हीडॉस म्हणूनही एक आहे. तो मुद्दाम अशा कामाच्या प्रोग्रॅमांसाठी केलेला, विंडोजच्या प्रिंटरवर छापतो. पहिली चाचणी मात्र साध्या डॉसबॉक्सवर घ्या, शिकायला तोच सोपा.

त्याच्या सेटिंगच्या फाइलीत सगळ्यात शेवटी ऑटोएक्झेक असा भाग असतो. तिथे चार ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत माउंट या आज्ञेने तुमचा फोल्डर 'सी' म्हणून जोडा. दुसऱ्या ओळीत सी कोलन. तिसऱ्या ओळीत 'सेट क्लिपर बरोबर एफ५०', म्हणजे प्रोग्रॅमला एका वेळी पन्नासपर्यंत फाइली उघडता येतील. डॉसमध्ये क्लिपरवाले हे हमखास विसरायचे आणि मग "फाइल उघडत नाही" म्हणून रडायचे. चौथ्या ओळीत ईएक्सईचं नाव. (आज्ञा अर्थात रोमन अक्षरांत टंका. मला इथे देवनागरीतच बरं वाटतं.)

वेग. डॉसबॉक्स साध्या १६ बिट प्रोग्रॅमला मुळात ३,००० सायकल्स (त्याच्या सोंगातल्या प्रोसेसरचा वेग) देतो. पाच हजार नोंदींची अनुक्रमणिका नव्याने बांधायला ते कमी पडेल. कंट्रोल आणि एफ१२ दाबत वाढवा, कंट्रोल आणि एफ११ ने कमी होतं. वीसेक हजारांवर थांबा. 'मॅक्स' करू नका. कारण विचारलंत तर सांगेन.

आणि खिडकी फुलीवर टिचकी मारून कधीही बंद करायची नाही. प्रोग्रॅममधूनच बाहेर पडायचं. नाहीतर मेमरीतली नोंद डिस्कवर जायची राहते आणि एनटीएक्स बिघडते. बिघडलीच तर घाबरू नका, एनटीएक्स पुन्हा बांधता येते. तुमच्या मेनूत 'रीइंडेक्स' असं काहीतरी नक्की असेल. जीव डीबीएफमध्ये असतो.

रिकामटेकडा

विचारतो: मॅक्स का नको?

खडूस म्हातारा

वाटच बघत होतो. :)

त्या काळच्या भाषांना कळायला हवं असायचं की यंत्र किती वेगवान आहे, म्हणजे "शंभर मिलिसेकंद थांब" म्हटल्यावर नेमकं किती थांबायचं ते ठरवता येईल. टर्बो पास्कल या भाषेचं क्रट युनिट (पडदा आणि कळफलक सांभाळणारा तयार भाग) काय करायचं, तर प्रोग्रॅम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, किती रिकाम्या फेऱ्या मारता येतात ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटच्या घरात, म्हणजे ६५,५३५ च्या आत बसेल असं गृहीत. लिहिणाऱ्याच्या टेबलावर ३८६ किंवा ४८६ होतं, त्याला हे गृहीतक जन्मभर पुरेल असं वाटलं. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोसेसर आले आणि भागाकार त्या घरात मावेना. भागाकार मावला नाही की प्रोसेसर शून्याने भागल्याचीच तक्रार करतो. पडद्यावर 'रनटाइम एरर २००' आणि खेळ खलास. मुख्य प्रोग्रॅमची पहिली ओळसुद्धा चालायच्या आत.

मी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम असा एका सकाळी मेला. यंत्र नवीन, प्रोग्रॅम तोच, डेटा तोच. दोन दिवस मी माझ्याच कोडमध्ये शून्याने भागाकार शोधत होतो. माझ्या कोडमध्ये भागाकारच नव्हता.

क्लिपरचा आजार याच जातीचा, तिथे 'आर६००३, इंटिजर डिव्हाइड बाय झीरो' असा निरोप येतो. दोन्हींवर ईएक्सईला ठिगळ लावणारे छोटे प्रोग्रॅम निघाले. पण डॉसबॉक्समध्ये ठिगळाची गरज नाही, यंत्र हळू करता येतं. नव्या यंत्राला मुद्दाम म्हातारं करायचं.

पेंग्विनप्रेमी

+१. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

जोडीला एक. तुमचा डॉसचा आहे, पण कुणाकडे विंडोज ३.१ च्या काळातला १६ बिटचा असेल तर डॉसबॉक्समध्ये आधी विंडोज ३.१ बसवावी लागते. लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) तो थेट चालवतं, ६४ बिटच्या लिनक्सवरही. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० आवृत्ती निघाली २००८ मध्ये, पंधरा वर्षांनी. चिकाटी म्हणतात ती ही. आता मजा बघा, वाइनच्याच कोडवर बेतलेलं ओटीव्हीडीएम नावाचं साधन आहे, ते ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे विंडोज प्रोग्रॅम चालवतं. म्हणजे विंडोजचे जुने प्रोग्रॅम विंडोजवर चालवायला लिनक्सवाल्यांचा माल लागतो.

सांगकाम्या

आपला प्रोग्रॅम १६ बिटचा की ३२ चा हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं? माझ्याकडे १९९९ ची शब्दकोशाची सीडी आहे. डब्यावर 'विंडोज ९५/९८' लिहिलंय. सेटअप चालत नाही, हाच निरोप येतो.

चिवट मुंगी

ईएक्सई नोटपॅडमध्ये उघडा (साठवू मात्र नका!). बहुतेक सगळा कचरा दिसेल, पण अगदी पहिली दोन अक्षरं 'एम झेड' असतील. मार्क झ्बिकोव्स्की या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमरची ही आद्याक्षरं, आजच्या ईएक्सईतही तीच आहेत. त्याच्या थोडं खाली बघा. 'पी ई' दिसलं तर ३२ किंवा ६४ बिट. 'एन ई' दिसलं तर १६ बिटचं विंडोज. दोन्ही नसलं तर बहुधा डॉस. 'पी ई'च्या लगेच पुढे 'एल' असेल तर ३२ बिट, लहान लिपीतला 'डी' असेल तर ६४.

तुमच्या सीडीबद्दल माझा अंदाज असा की शब्दकोश ३२ बिटचाच निघेल, फक्त सेटअप १६ बिटचा असेल. त्या काळी हे सर्रास चालायचं: आतला माल नवा, पण सेटअप जुन्या साच्यातला, कारण विंडोज ३.१ वर कुणी सीडी घातली तरी तो निदान सुरू व्हावा आणि "हे इथे चालणार नाही" असं सांगू शकावा. काही ठरावीक जुन्या इन्स्टॉलरांच्या जागी ६४ बिट विंडोज गुपचूप स्वतःकडचा ३२ बिटचा पर्याय चालवते, पण सगळ्यांसाठी नाही. सीडीवर शब्दकोशाची ईएक्सई उघडी सापडते का पाहा. सापडली तर फोल्डर कॉपी करून थेट चालवून बघा.

आणि तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका, बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जुने प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात. व्हिस्टापासून तिथे लिहायला परवानगी लागते, म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या वेगळ्याच जागी वळवते. प्रोग्रॅमला वाटतं लिहिलं, तुम्हाला फोल्डरमध्ये काही दिसत नाही, आणि बॅकअप घेताना नेमकी तीच फाइल राहते.

सांगकाम्या

मुंगीभाऊ, साष्टांग! 'पी ई', पुढे 'एल'. फोल्डर कॉपी केला आणि शब्दकोश उघडला. फक्त मदत उघडत नाही.

चिवट मुंगी

डॉट एचएलपी असेल. ते वाचणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजसोबत येणं बंद झालं. पुढे ८.१ पर्यंत वेगळा उतरवून घेता यायचा, १० साठी तोही नाही. शब्दकोशाला मदत कशाला लागते पण?

रिकामटेकडा

माझाही एक प्रश्न ढकलतो. २००१-०२ च्या काळातला एक खेळ, मूळ सीडी माझ्याकडे, ३२ बिटचाच. सीडी घातली तरी म्हणतो "सीडी घाला".

चिवट मुंगी

सीडीवर सेफडिस्क असणार. नक्कल होऊ नये म्हणून केलेलं कुलूप. ते थेट विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर चालवायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं सापडली, म्हणून विंडोज १० मध्ये तो घेतलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने जुन्या विंडोजवरही बंद केला. म्हणजे प्रामाणिकपणे विकत घेतलेल्याचाच खेळ अडकला. गॉगसारख्या (जुने खेळ विकणारी साइट) ठिकाणी तो कुलूप काढून पुन्हा विकायला ठेवलाय का बघा, डॉसचे खेळ तर तिथे डॉसबॉक्ससकट बांधून मिळतात. कुठल्याही अनोळखी साइटवरून 'क्रॅक' उतरवू नका. मी एकदा उतरवला होता. खेळ चालला. त्यानंतर आठवडाभर यंत्रावर आणखी बरंच काय काय आपोआप चालत होतं.

सफरचंदवाला

तुम्ही विंडोजवाले नशीबवान आहात हो. १९९४ चा प्रोग्रॅम चालवायच्या गप्पा करताय. आमच्या मॅकवर २०१९ मध्ये कॅटालिना ही आवृत्ती आली आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद. त्याआधी २००६ मध्ये पॉवरपीसी चिपवरून इंटेलवर गेलो तेव्हा दुभाषा म्हणून रोझेटा दिला होता, तो २०११ मध्ये लायन या आवृत्तीने काढून घेतला. २०२० मध्ये इंटेलवरून स्वतःच्या चिपवर, पुन्हा नवा रोझेटा, आणि त्याच्याही निरोपाची घोषणा २०२५ मध्ये झाली. दर वेळी पूल बांधतात आणि सगळे पलीकडे गेले असं समजून पाडतात. नव्या चिपच्या मॅकवर मोहावी (कॅटालिनाच्या आधीची आवृत्ती) व्हर्च्युअल मशीनमध्येसुद्धा टाकता येत नाही. माझं जुनं इंटेलचं यंत्र मी फक्त एका स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलंय. नेट तोडून.

अर्धविराम

@सफरचंदवाला, हाच तर माझा मुद्दा. प्रोग्रॅमच्या नादाने यंत्रं सांभाळायची, मग यंत्रासाठी सुटे भाग. याला अंत नाही.

दुर्बीण

अर्धविराम, सगळीकडे "माहिती काढा नि सोडा" होत नाही ना पण. माझ्याकडे फिल्मच्या निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र आहे. काचा, दिवा, मोटर, सगळं ठणठणीत. अडलंय ते ड्रायव्हरपाशी, तो एक्सपीचा, ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. गाभा ६४ चा, तर ड्रायव्हरही ६४ चाच लागतो, आणि तोही सही केलेला.

मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (यंत्राच्या आत दुसरं यंत्र उभं करणारा प्रोग्रॅम) ३२ बिटची एक्सपी बसवली आणि स्कॅनरची यूएसबी त्या आतल्या यंत्राला जोडून दिली. आत एक्सपीला वाटतं स्कॅनर आपल्यालाच लावलाय. चित्रं एका सामायिक फोल्डरमधून बाहेर येतात. नेटवर्क कार्ड मात्र पहिल्याच दिवशी काढून टाकलं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तिला नेटवर सोडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं.

सगळं जमल्यावर 'स्नॅपशॉट' घ्या. बिघडलं की एका टिचकीत त्या दिवसावर परत.

निळी शाई

मंडळी, कालची बातमी. चाललं!!

साधा डॉसबॉक्स, खडूसकाकांच्या चार ओळी, २०,००० सायकल्स. निळा पडदा आला तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. पहिलंच एफ२ दाबलं आणि बरोबर नोंदीची चौकट उघडली. मग म्हणाले, "अक्षरं बारीक आहेत." ऑल्ट आणि एन्टर दाबून पडदाभर केलं. "आता बरं."

रीइंडेक्स मेनूत होतं, नऊ नंबरवर. छपाईसाठी आता डॉसबॉक्स-एक्स लावतेय.

अर्धविराम, तुमचंही केलं. कॅल्कमध्ये डीबीएफ उघडून सीएसव्ही काढून ठेवली. पण त्यात तारखा विचित्र दिसताहेत. मागच्या वर्षी घेतलेली पुस्तकं १९२५ सालची! फाइल बिघडली की काय?

खडूस म्हातारा

फाइल नाही बिघडली. डीबीएफमध्ये तारीख आठ आकड्यांत असते, चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे. म्हणजे साठवणीला २००० साल पचतं. पण पडद्यावर वर्षाचे दोनच आकडे टंकता येतात ना? तुम्ही २५ टंकलंत की क्लिपर स्वतःहून त्याच्या आधी १९ लावतं. 'सेट इपॉक' ही एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली असती तर सुटलं असतं. १९९४ मध्ये कोण घालतंय!

सीएसव्हीत दुरुस्त करा. पण आप्पांना आधी विचारा.

निळी शाई

विचारलं. "माहीत आहे मला. १९६१ च्या आधी मी एकही पुस्तक विकत घेतलेलं नाही. त्याच्या आधीची तारीख दिसली की शंभर मिळवायचे." पंचवीस वर्षं ते मनातल्या मनात शंभर मिळवताहेत. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

अर्धविराम

हे बाकी भारी. आणि बघा, म्हणूनच म्हणतो, असं ज्ञान माणसाच्या डोक्यात न ठेवता डेटात असायला हवं. सीएसव्हीसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कुठला रकाना कशाचा, १९६१ च्या आधीच्या तारखा कशा वाचायच्या, एफ५ म्हणजे काय. माघार घेतो अर्धी. प्रोग्रॅमही चालू द्या.

खडूस म्हातारा

नावाला जागलात. :)

धागाकर्ती, एक तपासा. प्रोग्रॅम एकूण किती पुस्तकं दाखवतो आणि फाइलीत किती आहेत? फाइलीचा आकार बाइटमध्ये घ्या, सुरुवातीचा मथळ्याचा भाग वजा करा, उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीने भागा. मथळा किती नि नोंद किती हे दोन्ही आकडे फाइलीच्या सुरुवातीलाच असतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) आठवा-नववा बाइट मथळ्याचा, दहावा-अकरावा नोंदीचा. मोजायला शून्यापासून सुरुवात करा आणि लहान बाइट आधी येतो हे लक्षात ठेवा.

निळी शाई

अर्धा तास लागला, पण जमलं. नोंद २१२ बाइटची. अख्खी फाइल जेमतेम १ एमबी, म्हणजे तीस वर्षांचा संसार १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावेल. प्रोग्रॅम म्हणतो ४,९१२. भागाकार येतो ५,०४९. वरची १३७ कुठून आली?

खडूस म्हातारा

वाटलंच. डीबेसच्या घराण्यात 'पुसणे' म्हणजे पुसणे नव्हे. प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट राखून ठेवलेला असतो. नोंद जिवंत असेल तर तिथे रिकामी जागा, पुसली तर तारका. नोंद तिथेच राहते, फक्त दाखवत नाहीत. 'पॅक' ही आज्ञा दिली तरच खरी जाते, आणि तुमच्या आप्पांच्या मित्राने बहुधा पॅक मेनूत ठेवलंच नाही. शहाणा माणूस.

प्रतीवर काम करा (प्रतीवर!). हेक्स एडिटरमध्ये त्या तारकेच्या जागी रिकामी जागा टाका, म्हणजे २ए च्या जागी २०. नोंदीतलं बाकी एकही अक्षर हलवू नका. मग प्रोग्रॅममध्ये रीइंडेक्स. पुसलेली दिसू लागतील.

निळी शाई

केलं. वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रतीवर.

१३७ पैकी काही चुकून दोनदा टंकलेली होती. उरलेल्या सगळ्यांच्या 'कुणाला दिलं' या रकान्यात नावं आहेत. परत न आलेली पुस्तकं. किती वर्षं वाट पाहायची याचा काहीतरी नियम असावा, कारण दिल्याच्या तारखेनंतर साधारण पाचेक वर्षांनी ती पुसलेली दिसतात. दुसऱ्या डीबीएफमध्ये रोजनिशीसारख्या नोंदी सापडल्या, त्यावरून कळलं. त्या फाइलीत काय आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पांना दाखवू की नको, असं झालं होतं. शेवटी दाखवलं. ते एकेक नाव वाचत खाली जात होते. चौथ्या की पाचव्या पानावर थांबले आणि म्हणाले, "याचा फोन नंबर आहे का बघ आपल्याकडे."

उंटावरचा शहाणा

निळी शाई, माझ्याकडेही कुणाकुणाची पुस्तकं आहेत. हा धागा वाचल्यापासून कपाटाकडे बघवत नाहीये.

सांगकाम्या

खडूसकाका, शब्दकोशाच्या फोल्डरमध्येही एक डीबीएफ सापडली. तारका शोधू का?

खडूस म्हातारा

आधी प्रत काढली का?